माग काढणं चालू आहे

"हे काय गं आलंय वरती?" ताहरनी मोबाईल लेकीच्या नाकासमोर धरला.

सिहेमनं वाकून पाहिलं. पडद्यावर बारीक अक्षरांत ओळ होती, 'माग काढणं चालू आहे.'

चार दिवसांपूर्वी बाबा स्फाक्स शहराच्या बसअड्ड्यावर सापडले होते. सकाळी पाव आणायला गेलेला माणूस, दुपारी तीनला. आपण लिहिलेलं एक ॲप सिहेमनं त्यांच्या मोबाईलमध्ये आधीच गुपचूप टाकून ठेवलं होतं. ते कुठं आहेत हे तिला दिसावं, त्यांना कळू नये. पण मोबाईलचा कायदा कडक. डोळ्यांसमोर नसलेल्या ॲपला तो थोड्या वेळानं झोपवून टाकतो. जागं राहायचंय? मग 'मी चालू आहे' अशी पाटी वर लावा, नाहीतर गप पडा. त्या दिवशी नेमकं ॲप झोपलं आणि बाबा हरवले. नंतर तिनं दहा पळवाटा करून पाहिल्या. एक चालेल तर शपथ. शेवटी झक मारत ती ओळ लावावी लागली.

"बॅटरीचं असेल काहीतरी," ती म्हणाली.

"बॅटरी माग काढते होय? मी विसरतो, सिहेम. वाचता येतं मला अजून."

मग तिनं सांगून टाकलं. सांगताना तिला रडू आवरेना.

ताहर चष्मा पुसत राहिले. "रेल्वेच्या युनियनमध्ये होतो, तेव्हा दोन वर्षं एक माणूस माझ्या मागावर होता. मी कॉफी मागवली की हा समोरच्या टेबलावर पेपर उघडायचा. लेकाच्यानं दोन वर्षांत एकदा सलाम केला नाही."

"बाबा, मी काय पोलीस आहे का?"

"तोही न सांगताच करायचा."

हे तिला फार लागलं. "काढून टाकू मग?"

त्यांनी चष्मा परत लावला. मग मोबाईल तिच्याकडे सरकवून म्हणाले, "माग काढणं चालू आहे म्हणे. कोण काढतंय? नाव लिही की."

तिनं ओळ बदलली. 'बाबा, मी सिहेम. मी मागे आहे.'

त्यांनी ती दोनदा वाचली, मोबाईल खिशात टाकला, लाल टोपी चढवली आणि जिना उतरले. तीस वर्षं रोज ज्या कॅफेत कॉफी प्यायले, तिकडे निघाले होते.

सिहेम आपल्या मोबाईलवर बघत बसली. नकाशावरचा बाबांचा ठिपका गल्लीच्या तोंडाशी गेला आणि थांबला. एक मिनिट झालं, दोन झाली. पळत खाली जावं, असं तिला शंभरदा वाटलं. तेवढ्यात फोन वाजला.

"सिहेम, दिसतोय ना मी तुला?"

"दिसताय, बाबा."

ठिपका जागचा हलला नाही.

"मग सांग, पोरी. कॅफे डावीकडे की उजवीकडे?"