शनिवारी परत ठेवायचं पान

"आई, पान कुठंय?"

चर्चच्या रखवालदारानं तिसऱ्यांदा विचारलं. उश्या उलटून झाल्या, गादीखाली हात घालून झाला. आता तो झाडू घेऊन पलंगाखाली शिरला होता. हरवलेल्या नाण्यापायी सगळं घर झाडणाऱ्या बाईची गोष्ट नेमकी त्याच पानावर होती. आठवडाभर आईनं ती रोज चहासोबत मोठ्यानं वाचली होती. आज झाडू लेकाच्या हातात आला होता.

"शेजारच्या मावशीला दिलं," आई शेवटी म्हणाली. "तिलाही बारीक अक्षर दिसत नाही रे. वाचून आणून देते म्हणाली."

"मग मावशी कुठंय?"

"लेकीकडे गेली काल. मंगळवारी येईल."

रखवालदारानं पलंगाखालून बाहेर येऊन झाडू टाकला. उपासना तासाभरावर आली होती.

पाळकसाहेब वर्षभर सगळ्यांच्या हात धुऊन मागे लागले होते. बायबल कपाटात पुजू नका, रोज एक पान वाचा, म्हणायचे. सांगायला काय जातंय! घरच्या बायबलातली अक्षरं म्हणजे मुंग्यांची रांग. आईला ती दिसत नव्हती, आणि गुडघ्यांपायी चर्चच्या पायऱ्या चढवत नव्हत्या. चर्चमधल्या पुलपिटवरचं, साहेब उभं राहून वाचतात त्या चौथऱ्यावरचं, बायबल मात्र ठसठशीत अक्षरांचं होतं. वापरून वापरून त्याची शिवण उसवली होती. मग हा बहाद्दर दर सोमवारी पुढच्या रविवारचं पान अलगद काढून घरी आणायचा आणि शनिवारी परत ठेवायचा. काल मात्र चर्च धुण्याच्या गडबडीत विसरला. सात महिने कुणाला पत्ता लागला नव्हता, आणि आता एका दिवसात सगळं अंगाशी येणार होतं.

कारण मंडळीच्या सेक्रेटरींनी सर्वांसमोर बजावलं होतं, त्या पुस्तकाशी कुणी खेळ केला तर गय नाही. नोकरी गेली की आवारातली ही खोलीही जाणार. आईला घेऊन जायचं कुठं? घरचं पुस्तक तिथं नेऊन ठेवावं, तर सत्तरीचे साहेब त्या मुंग्या वाचणार कसे?

शेवटी त्यानं ठरवलं, आपणच सांगून मोकळं व्हावं.

साहेब चर्चच्या आतल्या खोलीत पाठमोरे उभे होते. रखवालदाराच्या कमरेचा जुडगा खुळखुळला.

"बोला, चावीवाले. पुस्तक उघडून ठेवलंत ना? लोकांसमोर शोधाशोध नको."

त्यानं नुसती मान हलवली.

"तोंडानं बोला हो. मान हलवलेली देवाला कळते, मला शब्द लागतात."

"ठेवलंय, साहेब. पण माझ्या हातून एक चूक..."

"चुका उपासनेनंतर. पळून थोड्याच जातायत?"

तेवढ्यात साहेबांच्या पत्नी आल्या. त्यांनी साहेबांची कॉलर सारखी केली, त्यांचा हात आपल्या हातात घेतला आणि दोघं निघाली. या वयातही ती दोघं हातात हात घालूनच चालायची, आणि मंडळीतल्या सासवा सुनांना त्यावरून चिमटे काढायच्या. रोज संध्याकाळी त्यांच्या खिडकीतून बाईंच्या वाचनाचा आवाज यायचा. एकच उतारा, तीन-तीनदा. साहेब लोकांना सांगतात ते स्वतःच्या घरीही पाळतात, म्हणून रखवालदाराचा त्यांच्यावर फार जीव होता. अशा माणसाला भर उपासनेत तोंडघशी पाडायचं म्हणजे पापच.

तो शेवटच्या बाकावर बसला. चाव्या वाजू नयेत म्हणून जुडगा कमरेचा सोडून त्यानं मुठीत गच्च धरला. पहिल्या बाकावर सेक्रेटरी स्वतःचं बायबल उघडून, ओळीवर बोट ठेवून तयार होते. एक शब्द इकडचा तिकडे झाला तरी त्यांना खपत नसे.

बाईंनी साहेबांना पुलपिटच्या पायरीशी सोडलं. साहेब वर चढले. उघड्या पुस्तकावर त्यांनी तळहात ठेवला आणि ते थांबले.

थांबलेच.

कुणीतरी खोकलं. सेक्रेटरींनी मान वर केली. संपलं, असं म्हणून रखवालदारानं डोळे मिटले.

आणि साहेब वाचू लागले. शंभर मेंढरं आली, त्यातलं हरवलेलं एक आलं. मग बाईनं दिवा लावला, झाडू घेतला, कोपरा न् कोपरा धुंडाळला. आठवडाभर ऐकून रखवालदाराला ते पान तोंडपाठ झालं होतं. कुठं एक शब्द गळला नाही. त्यानं डोळे उघडले, तर सेक्रेटरींचं बोट संथपणे ओळीवरून सरकत होतं.

मावशी परतली! हो, तीच. लेकीकडून पहाटेच निघाली असेल, परस्पर पान ठेवून गेली असेल. त्याचा जीव भांड्यात पडला. देवाचे किती आभार मानू आणि किती नको, असं त्याला झालं.

उपासना संपली. बाई दाराशी लोकांचा निरोप घेत होत्या. साहेब अजून पुलपिटवरच उभे होते. सुटं पान घसरून पडू नये, म्हणून रखवालदार हलक्या पावलांनी वर गेला. जुडगा अजून मुठीतच होता. त्यानं पुस्तकात पाहिलं. डाव्या पानावर मिठाचा दृष्टान्त संपत होता, उजव्या पानावर कारभाऱ्याचा अर्ध्यातूनच सुरू होत होता. मधलं पान नव्हतंच. त्यानं दचकून वर पाहिलं. साहेब हातभर अंतरावर, अगदी त्याच्याकडे तोंड करून, हसत उभे होते.

"कोण आहे?" त्यांनी विचारलं.