घासाघीस

जुनं शिलाई मशीन विकायचंय म्हणून मोबाइलवर फोटो टाकला, तर दहाव्या मिनिटाला एका अनोळखी माणसाचा फोन.

"ताई, सहा हजार ना? पक्कं. कोड पाठवलाय. स्कॅन करून पिन टाका, की पैसे तुमच्या खात्यात."

माझा अंगठा तिसऱ्या आकड्यावर थबकला. वीस वर्षं ब्लाउज शिवले. शिलाईत दहा रुपये कमी केल्याशिवाय एकही बाई उठली नाही. आणि हा मशीन न बघता सहा हजार देतोय?

"पैसे मला यायचेत, मग पिन कशाला?"

"लवकर टाका ताई, नाहीतर पैसे अडकतील."

"अहो, मशीन चालतं का, ते तरी विचारा!"

त्यानं शिवी हासडली आणि फोन बंद केला. खात्यात लेकीच्या नर्सिंगची फी होती. दुपारभर मी घरात येरझारा घालत राहिले. चार वेळा शिल्लक तपासली.

संध्याकाळी पलीकडच्या गल्लीतली एक बाई आली. तिनं चाक फिरवलं, चिंधीवर टीप मारली आणि नाक मुरडलं. "टीप सुटतेय. चार हजारच देईन."

माझा जीव भांड्यात पडला. "बसा," मी म्हटलं, "आधी चहा घेऊ, मग भांडू."