सुट्टीत येऊ नकोस

"आणि सुट्टीत घरी येऊ नकोस," आई म्हणाली.

ठकीच्या हातातली उशीची खोळ हातातच राहिली. बारावी झाली होती, दूरच्या कॉलेजात नाव लागलं होतं, उद्या सकाळची गाडी होती. मैत्रिणींच्या आयांचे डोळे रडून रडून सुजले होते. हिची आई मात्र खाटेवर पाय दुमडून बसली होती आणि लेकीच्या कुडत्याची बटणं पुन्हा पक्की करत होती. शिवणकामाच्या दुकानात काजं-बटणं करणारी बाई ती. एक बटण झालं की दोरा दातानं तोडायची आणि एक उपदेश सोडायची.

आधीचे उपदेश सरळ होते. पहिल्या दिवशी जी एकटी बसलेली दिसेल तिच्याशेजारी बस. वर्गात समजलं नाही तर तिथल्या तिथं विचार, उद्यावर टाकलंस की लाज वाटायला लागते. ओले कपडे उशाशी टाकू नकोस. रडू आलं तर रडून घे, पण जेवण सोडू नकोस.

मग उपदेशांची गाडी भलत्याच रस्त्याला लागली. घरी फोन करू नकोस, मीच करीन. वसतिगृहाच्या रेक्टरबाईंशी मिळून मिसळून राहा. फाटकावरच्या वॉचमनशी रोज दोन शब्द बोल, त्याला तुझा चेहरा ओळखीचा होऊ दे. भेटायला कोणी आलं तर एकटी खाली जाऊ नकोस. मग ते कोणीही असो.

"मला भेटायला कोण येतंय एवढ्या लांब?" ठकी हसली. "पोरांची भीती घालतेस होय?"

आई हसली नाही. वर हे सुट्टीचं.

"सगळ्या घरी जाणार आणि मी काय तिथल्या भिंतींशी बोलत बसू?"

"ग्रंथालयात काम देतात म्हणे सुट्टीत. ते कर."

"एवढी नकोशी झालेय का गं मी?"

आईनं सुईत दोरा ओवायला घेतला. तो काही केल्या जाईना.

खरं तर ठकीलाच जायचं नव्हतं. बाबा लोकांना गाडी चालवायला शिकवायचे. शिकणाऱ्यानं भर चौकात पुन्हा पुन्हा गाडी बंद पाडली तरी त्यांचा आवाज चढायचा नाही. 'काय शांत माणूस!' असं लोक म्हणायचे. ती सगळी शांती बाहेरच खर्च व्हायची. घरात भाजी अळणी झाली, दार उघडायला उशीर झाला, शेजारणीशी दोन शब्द जास्त झाले, काहीही पुरायचं. कळायला लागल्यापासून ठकी दोघांच्या मध्ये उभी राहत आली होती. तिच्यावर त्यांचा हात कधी उठला नाही. ती मध्ये आली की ते दातओठ खात बाहेर निघून जायचे. ती घरात नसताना काय झालं, ते मात्र आईनं भर उन्हाळ्यात घातलेल्या लांब बाह्यांवरून कळायचं.

संध्याकाळी बाबा आले ते खुशीत. लेकीच्या बॅगेवर थाप मारून म्हणाले, "नाव काढ, पोरी." जेवताना आईनं हळूच विषय काढला.

"सकाळी मीच जाते हिला सोडायला. तुमची शिकवणी कशाला बुडवता?"

"जा की. पण सोडलंस की सरळ घरी यायचं. दुकानात मग जा." असं म्हणत त्यांनी तिचं मनगट धरलं. चेहऱ्यावर हसू तसंच. तिनं मान हलवली तेव्हाच सोडलं.

सकाळी स्टँडवर गर्दी बेताची होती. ठकी खिडकीशी जागा धरून बसली. बसली, उठली, आणि तरातरा खाली उतरली.

"मी नाही जात. मी गेल्यावर मध्ये कोण उभं राहणार?"

"कोणी उभं राहायची गरज नाही," आई म्हणाली.

"म्हणजे मुकाट मार खाणार? बरं, जाते. पण पहिल्या सुट्टीत घरी येणार म्हणजे येणार. तू काहीही म्हण."

"ये. पण मी तिथं नसेन."

ठकीला आधी कळलंच नाही. आईनं पलीकडच्या फलाटाकडे पाहिलं. तिथं एक गाडी नुकतीच लागत होती.

"तुझी सुटली की माझी आहे," ती म्हणाली. "तुला टाकून जाता येत नव्हतं. घेऊन गेले असते तर तुझी शाळा सुटली असती. म्हणून थांबले होते."

तिच्या खांद्याला रोजची दुकानाची पिशवी होती. बाकी हात मोकळे.

"कुठं जातेयस? आणि काल का नाही बोललीस?"

"तुझ्या पोटातलं सगळं तोंडावर दिसतं, ठके. काल जेवतानाच त्यांनी ओळखलं असतं. आणि कुठं, ते आत्ताही सांगणार नाही. तुला ठाऊक नसेल तर तुझ्याकडून काढून घेता येणार नाही. रेक्टरबाईंच्या कानावर सगळं घातलंय मी. संध्याकाळी घराला कुलूप दिसलं की ते आधी तुझ्याकडेच येतील."

कंडक्टरनं घंटी मारली. ठकीनं गाडीचा दांडा घट्ट धरला, एक पाय पायरीवर ठेवला आणि आयुष्यात पहिल्यांदा आईला मोठ्या माणसासारखं दटावलं.

"येऊ देत. तू नीघ."