आज दुकान बंद

चष्म्याच्या दुकानाची वेळ इंटरनेटवर बदलण्याचा अधिकार दोघांनाच होता, बाबांना आणि त्यांच्या लेकीला. या महिन्यात तिसऱ्यांदा बाबांनी तिथे लिहिलं, ‘पत्नीचं निधन झाल्यामुळे आज दुकान बंद.’ आईला जाऊन दोन वर्षं झाली होती, पण बाबांची स्मरणशक्ती ढासळल्याने त्यांच्यासाठी ती पुन्हा आजच गेलेली असे. गिऱ्हाइकं ते वाचून दुसरीकडे वळू लागली. शेवटी काळजावर दगड ठेवून लेकीने हा अधिकार असलेल्यांच्या यादीतून बाबांचं नाव वगळलं. काउंटरमागे भिंग पुसत बसलेल्या बाबांच्या फोनवर तसा संदेश आला. तो वाचून त्यांनी शेजारी उभ्या लेकीला विचारलं, “मला वगळलंस का?” “हो, बाबा. आता सगळं मीच बघेन.” बाबांनी मान डोलावली. “बघ. पण तुझी आई गेलीय, ते लोकांना कळवणार कोण?” “मी कळवते,” ती म्हणाली, आणि दुकानाच्या धबडग्यात दोन वर्षं राहून गेलेलं रडणं तिने बाबांच्या खांद्यावर रडून घेतलं.