जिन्यावरून गेलेली वायर

हनमकोंड्यातल्या सम्मय्यांच्या घरी नेट नुसतं रांगत होतं. बाहेरून आलेली वायर मी थेट माझ्या लॅपटॉपला लावून पाहिली, तर वेग चोख. म्हणजे घरातलंच कुणीतरी तो खात होतं.

अशा वेळी माझी पद्धत एकच. राउटरच्या खोक्यातून एकेक वायर उपसायची आणि ज्याचं नेट जाईल त्याने ओरडायचं.

पहिली उपसली. "माझं गेलं!" खोलीतून सून रजिता ओरडली. "मीटिंग चालू आहे हो इथे!"

ती जोडून दुसरी उपसली. "मेल्या, ऐन मारामारीत!" टीव्हीसमोरून सम्मय्या खेकसले.

तीही जोडली. उरली तिसरी. तिचा दिवा वेड्यासारखा लुकलुकत होता. ती जिन्यावरून वरच्या खोलीत गेली होती आणि त्या दाराला बाहेरून कुलूप होतं.

"वर कोण बसतं, अम्मा?" लसूण सोलणाऱ्या सम्मय्यांच्या बायकोला मी विचारलं.

"आमचा धाकटा, श्रवण बसायचा. त्याला जाऊन दोन पावसाळे झाले. कॉम्प्युटरसुद्धा देऊन टाकला."

"मग ही काढतोच."

"नको रे. हळू तर हळू, चालू दे."

पण तोवर मी ती उपसली होती. दिवा विझला.

"आता कसं पळतंय!" रजिता खुशीत ओरडली.

वर खुर्ची मागे सरकली. मग चपला फरफटत दाराकडे येऊ लागल्या.

अम्मांनी लसणाचा हात माझ्या मनगटावर घट्ट दाबला. "लवकर जोड, बाबा. मागच्या वेळी तो खाली आला होता."