कोंगावरची जास्तीची थाप

हेवी मेटलच्या अल्बमात लॅटिन ताल घालायची हौस ड्रमरची, आणि स्टुडिओत बसून निस्तरतोय मी. गिटारचा ढणढणाट, गायकाचं किंचाळणं, सगळं जागेवर बसलंय. फक्त कोंगाच्या, म्हणजे त्या हातानं वाजवायच्या उंच ढोलाच्या, प्रत्येक आवर्तनानंतर एक थाप जास्त पडते. उघड्या तळव्याची, किंचित उशिरा.

"मी नाही वाजवलेली," ड्रमर माझ्याकडे पाठ करून वायर गुंडाळत म्हणाला.

"मग काय माझ्या आजोबांनी वाजवली?"

वैतागून कोंगाचा ट्रॅक बंद केला. थाप होतीच. मग ड्रम, गिटार, गायक, एकेक करत सगळेच ट्रॅक बंद केले. हेडफोन दोन्ही हातांनी कानांवर गच्च दाबून धरला. थाप पडतच होती.

"दादा," मागे न वळता ड्रमर करवादला, "आधी ते टेबल बडवणं थांबवा."