पट्टीचा निकाल

हेमांगी वाघचौरेनं पाच वर्षं खपून बनवलेली कागदी पट्टी कुलगुरूंच्या पाण्याच्या ग्लासात बुडवली. विद्यापीठाच्या नवउद्योग केंद्राचं उद्घाटन होतं आणि पहिलं प्रात्यक्षिक तिचं होतं. पाणी शुद्ध असेल तर पट्टी पांढरी राहणार, नसेल तर लाल होणार.

पट्टी कुंकवासारखी लाल झाली.

"पाणी आपल्याच टाकीतलं आहे," कुलसचिव म्हणाले, "म्हणजे दोष पट्टीतच असणार." तिला केंद्रात जागा द्यावी की नाही, हे ठरवायला पाच जणांची समिती नेमली गेली. पाणी तपासायला कोणालाच नेमलं नाही.

आठवड्यानं हेमांगीला निकाल ऐकायला बोलावलं. शिपायानं रिवाजाप्रमाणे प्रत्येकापुढे पाण्याचा ग्लास ठेवला. अध्यक्षांनी चष्मा चढवून वाचायला सुरुवात केली: "सदर पट्टी विश्वासार्ह नसल्यामुळे प्रस्ताव नामंजूर करण्यात येत आहे."

शेवटच्या शब्दाला त्यांना ठसका लागला. हेमांगीनं त्यांच्या पुढचा ग्लास अदबीनं जवळ सरकवला. त्यांनी घाईघाईनं हातानंच नको म्हटलं आणि पिशवीतून घरची बाटली काढून तोंडाला लावली. बाकीच्या चौघांच्या बाटल्या आधीपासूनच टेबलावर होत्या.